पेशीची वेस

बंगळूर शहराच्या आग्नेयेस, होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, आनेकल तालुक्यात बोम्मसंद्रा हे गाव आहे. ‘संद्र’ हे ‘समुद्र’ या शब्दाचे बोलीतील रूप असून तळ्याकाठच्या गावांच्या नावांत ते येते, असे मानतात. तळ्याची ती ओळख आता मागे पडली आहे. आज हे नाव घेतले की मोठी औद्योगिक वसाहत डोळ्यांपुढे येते. 2025 च्या ऑगस्टमध्ये शहराच्या मेट्रोची पिवळी मार्गिकाही तेथपर्यंत जाऊन पोहोचली. या वसाहतीत दोन कामे अशी चालतात की, ती पाहून आपल्या शाळांतील जीवशास्त्राच्या एका पाठाविषयी काही बोलावे असे प्रस्तुत लेखकास वाटू लागले. जिगणीच्या जोडरस्त्यावर बायोकॉन या संस्थेचे आवार आहे. या संस्थेने यीस्ट नावाच्या सूक्ष्म बुरशीकडून मनुष्याचे इन्सुलिन करवून घेतले आहे. जवळच डॉ. देवी शेट्टी यांनी उभारलेले नारायण रुग्णालय आहे. तेथे माणसाचे धडधडते हृदय हेतुपुरस्सर थांबविले जाते व शस्त्रक्रिया आटोपल्यावर पुन्हा चालू केले जाते. दोन्ही कामांचे मर्म एकाच ठिकाणी, म्हणजे पेशीला वेढणाऱ्या पटलात, साठलेले आहे. आणि आपल्या विद्यार्थ्यांना या पटलाविषयी जे शिकविले जाते त्यावरून या दोहोंपैकी एकाही कामाचा उलगडा होत नाही.

शाळेत काय शिकवितात? मनुका पाण्यात टाकली की फुगते. बटाट्याच्या खोलगट तुकड्यात साखर घालून तो पाण्यात ठेवला की खळग्यात पाणी जमते. यावरून पेशीपटल अर्धपार्य आहे, त्यातून पाणी जाते, विरघळलेले पदार्थ सहसा जात नाहीत, आणि या क्रियेला तर्षण म्हणतात, असा सिद्धांत मुलांच्या वहीत उतरतो. यात असत्य काही नाही. परंतु मुलाच्या मनावर जे चित्र उमटते ते चाळणीचे. भोकांपेक्षा बारीक ते खाली पडावे, जाड ते वर राहावे. चाळणीला स्वतःला काही करावे लागत नाही, कशाची निवड करावी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे काही खर्चावे लागत नाही. पेशीपटलाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

चाळणीऐवजी जुन्या गावाच्या वेशीची उपमा मला अधिक योग्य वाटते. गावकूस सर्व बाजूंनी बंद. ये-जा करायची ती वेशीतून. वेशीवर जागल्या, आणि काही मालावर जकात. पेशीचे गावकूस मेदाचे आहे. मेदात विरघळणारे पदार्थ पेशीत सुलभतेने शिरतात, हे ओव्हर्टन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविले. 1925 साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघा डच संशोधकांनी रक्तातील तांबड्या पेशींमधला मेद काढून पाण्यावर पसरला. त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. तेव्हा हे आवरण मेदाच्या दुहेरी थराचे असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या मोजमापात दोष होते, पण निष्कर्ष टिकला. या आवरणाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दीड लाखाव्या भागाइतकी. प्राणवायू त्यातून सहज जातो. साखर, मीठ, क्षार यांना मात्र तेथे थारा नाही. त्यांच्यासाठी वेशी हव्यात आणि त्या वेशी प्रथिनांच्या आहेत.

पाण्यालादेखील वेस लागते, हे कळावयास बराच काळ गेला. मेदाच्या थरातून थोडे पाणी झिरपते. पण तांबड्या पेशी आणि वृक्कातील नलिका यांतून ते ज्या वेगाने वाहते त्याचा मेळ नुसत्या झिरपण्याशी बसत नव्हता. 1992 साली पीटर ॲग्री यांनी पाण्यासाठीच असलेले एक प्रथिन निश्चित केले. त्याच्या एकेका मार्गिकेतून सेकंदाला सुमारे तीनशे कोटी पाण्याचे रेणू जातात, आणि तरीही पाण्यापेक्षा कितीतरी लहान असा हायड्रोजनचा आयन त्यातून जाऊ शकत नाही. चाळणीतून पाणी गेले आणि त्याहून बारीक कण अडला, असे कोणी पाहिले आहे काय?

जकातीची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आपल्या पेशींच्या बाहेर सोडियम आतल्याहून सुमारे दहापट असते, तर पोटॅशियम आत बाहेरच्याहून सुमारे तीसपट. नुसत्या विसरणावर सोडले असते तर ही विषमता टिकली नसती. ती राखणारे यंत्र डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे येन्स स्कोउ यांना खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंत सापडले. त्यांचा निबंध 1957 चा, आणि त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते 1997 साली, तब्बल चाळीस वर्षांनी. हे प्रथिन एका फेरीत तीन सोडियम बाहेर टाकते, दोन पोटॅशियम आत घेते आणि प्रत्येक फेरीला ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेटचा एक रेणू खर्ची घालते. आपण स्वस्थ पडून असतानाही शरीर जी ऊर्जा वापरते तिचा पाचवा ते चौथा हिस्सा या एका उपसणीवर जातो. आपल्या अन्नाचा एवढा मोठा वाटा केवळ मीठ दाराबाहेर ठेवण्यात जातो, हे एखाद्या विद्यार्थ्याला सांगून पाहावे. तर्षणाच्या व्याख्येपेक्षा ते त्याच्या अधिक लक्षात राहील.

हृदय थांबविण्याची युक्ती याच विषमतेवर उभी आहे. हृदयाच्या स्नायूपेशी आतबाहेरच्या पोटॅशियमच्या फरकामुळे विद्युत्‌भारित राहतात आणि तो भार क्षणभर उलटला की आकुंचन पावतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत पोटॅशियमचे प्रमाण वाढविलेले द्रावण सोडले की हा फरक कमी होतो, सोडियमच्या वेशी उघडेनाशा होतात आणि हृदय शिथिल स्थितीत निपचित पडते. 1955 साली लंडनमध्ये मेलरोज यांनी हा मार्ग प्रथम सुचविला. पुढे त्यात पुष्कळ सुधारणा झाल्या. काम संपल्यावर ते द्रावण रक्ताने धुऊन काढतात. मघाचा सोडियमचा उपसा चालूच असतो. विषमता पूर्ववत होते आणि हृदय पुन्हा चालू लागते.

आता यीस्टकडे वळू. इन्सुलिन हे आपल्या स्वादुपिंडातील संप्रेरक. टोरांटो येथे 1921 साली बँटिंग आणि बेस्ट यांनी ते मिळविले आणि 1922 च्या जानेवारीत पहिल्या रुग्णाला दिले. नंतर सुमारे साठ वर्षे ते गुरे आणि डुकरे यांच्या स्वादुपिंडांतून काढले जाई. 1982 पासून जीवाणूंकडून बनविलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले. या पद्धतीत एक अडचण असते. जीवाणू ते प्रथिन सहसा पेशीच्या आतच गोळा करून ठेवतो. मग पेशी फोडा, गोळा विरघळवा, प्रथिनाची घडी नीट बसवा, असा खटाटोप करावा लागतो. बायोकॉनने 2004 मध्ये जे इन्सुलिन विक्रीस आणले त्यासाठी पिकिया नावाचे यीस्ट निवडले होते. हे यीस्ट मेथॅनॉलवर वाढू शकते, आणि त्याच्या पेशीत घडलेले इन्सुलिनचे पूर्वरूप ती पेशी स्वतःच बाहेर सोडते. माल कोठाराबाहेर, थेट अंगणात येऊन पडतो. कारखान्याने तो पाण्यातून वेचून घ्यावा, छाटावा आणि शुद्ध करावा.

पण पेशी एवढे मोठे प्रथिन बाहेर सोडते कशी? ते मेदातून झिरपणार नाही, आणि पाण्याच्या वेशीतूनही जाणार नाही. येथे पेशी तिसरीच तऱ्हा योजते. प्रथिन मेदाच्या इवल्याशा पुटिकेत भरले जाते. ती पुटिका सरकत पटलाशी येते, तिचे आवरण पटलात मिसळून जाते, आणि आतला माल आपोआप बाहेरच्या बाजूस मोकळा होतो. पटल कोठेही फाटत नाही. ही वाट कोणकोणत्या प्रथिनांनी आखलेली आहे याचा शोध रँडी शेकमन यांनी पावाच्या यीस्टवर घेतला. ज्यांची निर्यात तुंबली आहे अशी यीस्टची विकृत वाणे त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी पीटर नोविक यांनी 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस हुडकून काढली. निर्यात बंद पडलेल्या पेशी पुटिकांनी गच्च भरून जड होतात. म्हणून जड पेशी तेवढ्या निवडून काढावयाच्या, ही त्यांची युक्ती. शोध घेताना मधुमेहाचे औषध कोणाच्या मनात नव्हते. 2013 चे नोबेल पारितोषिक रॉथमन आणि स्यूडहोफ यांच्यासह शेकमन यांना मिळाले. खेकड्याचे पाय आणि यीस्टची रोगट वाणे यांवर सरकारी पैसा कशासाठी खर्च करावा, असा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून विचारला जातो. विचारणाऱ्यांनी बोम्मसंद्रा एकदा पाहून यावे.

त्या कारखान्यातून निघालेले इन्सुलिन रुग्णाच्या शरीरात गेल्यावर जे करते तेही वेशीवरचेच काम आहे. पुष्कळांची समजूत अशी की, इन्सुलिन रक्तातील साखर ‘जाळते’. ते काहीही जाळत नाही. ते पेशीत शिरतही नाही म्हटले तरी चालेल, कारण त्याचा निरोप पटलाच्या बाहेरील अंगास असलेल्या ग्राहीवर पोहोचला की पुरे. स्नायू आणि मेद यांच्या पेशींत साखरेच्या वेशी एरवी आतल्या पुटिकांत गुंडाळून ठेवलेल्या असतात. निरोप मिळताच त्या पुटिका वर येऊन पटलात मिसळतात आणि साखरेला वाट मोकळी होते. हे 1980 साली दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखविले. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात निरोप येतो, पण वेशी पुरेशा वर येत नाहीत. 2021 साली भारतात मधुमेहाचे रुग्ण सुमारे दहा कोटी होते, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा अंदाज आहे. या दहा कोटींना आपल्या रोगाचे स्वरूप ‘साखर वाढली’ याच्या पलीकडे सांगावयाचे असेल, तर पेशीपटलाचा पाठ सुधारल्याशिवाय गत्यंतर नाही.

तथापि माझ्या आग्रहाचे खरे कारण मधुमेह हे नाही. ते आहे जुलाब.

आपल्या आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यात आपण पितो तो थोडा, लाळ, जठररस आणि इतर स्राव यांचा पुष्कळ. त्यातील जवळजवळ सर्व आतडे परत शोषून घेते. पाण्याला स्वतःची इच्छा नसते. मीठ जिकडे जाते तिकडे ते जाते. पटकीमध्ये नेमके हेच उलटते. पटकीचे जंतू आतड्याला खरवडून रोग करीत नाहीत, तर त्यांच्या विषामुळे रोग होतो, हे कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या वेढ्यात जंतुविरहित द्राव सोडून सिद्ध केले. त्यांचा निबंध 1959 सालचा. ते विष आतड्याच्या पेशींतील क्लोराइडच्या वेशी सताड उघड्या ठेवते. क्लोराइड बाहेर, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. काही रुग्णांत तासाला एक लिटरपर्यंत. रुग्ण दगावतो तो जंतूंमुळे कमी आणि शोषामुळे अधिक.

मग त्याला पाणी पाजावे, हे उघड दिसते. पण नुसते पाणी टिकत नाही, नुसते मीठही शोषले जात नाही. याचे उत्तर दुसऱ्याच दिशेने आले. 1960 च्या ऑगस्टमध्ये प्राग येथील परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी असा विचार मांडला की, आतड्यातील साखरेची वेस सोडियमवाचून उघडत नाही; दोघे जोडीनेच आत येतात. पुढे हेही कळले की ही जोडीची वेस पटकीच्या विषाने बिघडत नाही. म्हणजे मागचे दार फुटलेले असले तरी पुढचे दार शाबूत असते, आणि त्याची किल्ली म्हणजे मीठ व साखर यांची योग्य प्रमाणातील जोडी. ती जोडी आत गेली की पाणी तिच्यामागे जाते.

1968 साली ढाक्यात नॅलिन आणि कॅश यांनी पटकीच्या रुग्णांवर तोंडाने द्यावयाच्या द्रावणाचा प्रयोग केला. खरी कसोटी लागली ती 1971 मध्ये, बंगालच्या सीमेवरील बनगाव येथे. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते. छावण्यांत पटकी उसळली. शिरेतून द्यावयाचे द्रावण संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशी पुड्यांची मिश्रणे कलकत्त्याहून तयार करून आणविली, पिंपांत कालविली आणि नातेवाइकांच्या हाती पेले देऊन रुग्णांना पाजावयास सांगितले. त्यापूर्वी तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरात गेले होते. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ते शेकडा चारच्याही खाली आले. डॉ. महालनबीस 2022 मध्ये निवर्तले. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

मराठीत या द्रावणाला ‘जलसंजीवनी’ असे नाव पडले, ते सुरेख आहे. परंतु नाव रूढ झाले तरी त्यातील युक्ती लोकांपर्यंत गेली नाही, अशी माझी तक्रार आहे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, जुलाब झालेल्या लहान मुलांपैकी सुमारे 61 टक्के मुलांनाच हे द्रावण मिळाल्याचे आढळले. उरलेल्या मुलांना कोठे नुसते पाणी, कोठे गोड पेय, कोठे गरज नसताना प्रतिजैविके. काही घरी तर जुलाब वाढतील या भीतीने पाणीच तोडतात. चाळणीचे चित्र डोक्यात असले की हा विचार तर्कशुद्धच वाटतो: वरून ओतणे बंद केले की खालून गळणे बंद होईल!

गोड पेयांचा प्रश्न याहून नाजूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्रात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते आणि सोडियम व ग्लुकोज यांचे रेणू समसमान असतात. बाजारातील पुष्कळ गोड पेयांत साखर लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि सोडियम नाममात्र. असे पेय आतड्यात गेले की साखरेला जोडीदार मिळत नाही. ती आतड्यातच अडकते आणि शाळेत शिकविलेल्या त्याच तर्षणाने शरीरातील पाणी उलट आतड्यात ओढते. अशा प्रकारच्या काही पेयांवर ‘ओआरएस’ ही तीन अक्षरे, खाली बारीक टाइपात खुलासा छापून, झळकत असत. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ती वापरण्यास मनाई केली 2025 च्या ऑक्टोबरमध्ये. आदेश उशिरा निघाला. आणि आदेशाने अक्षरे निघतील. पण अमुक एक पेय का चालत नाही हे आईला समजले नसेल तर ती दुसऱ्या नावाची तशीच बाटली घेईल.

उलट, कोकणात आजाऱ्याला मीठ घालून तांदळाची पेज देण्याची जी चाल आहे तिला शास्त्राचा आधार आहे. तांदळातील पिष्टाचे आतड्यात हळूहळू ग्लुकोज होते. एकाच वेळी साखरेची गर्दी होत नाही, आणि मीठ जोडीला असते. आपल्या आज्यांना वेशीची यंत्रणा ठाऊक नव्हती हे खरे, पण त्यांचे प्रमाण बरोबर होते.

यावर शिक्षकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. आयन, ग्राही, पुटिका हे सर्व लहान वयाला जड. मनुका आणि बटाटा तरी दाखविता येतात. आक्षेप खोटा नाही. अदृश्य वस्तू शिकविण्यापूर्वी काहीतरी हातात द्यावे लागते. पण ते देता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी प्रयोगशाळेचीही गरज नाही. बीटाच्या सारख्या आकाराच्या चकत्या करून, कापलेल्या पेशींतील रंग निघून जाईपर्यंत त्या वाहत्या पाण्यात धुवाव्यात. मग एक चकती गार पाण्यात आणि एक चकती हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात ठेवावी. गार पाणी बराच वेळ जवळजवळ स्वच्छ राहते. गरम पाणी पाहता पाहता लाल होते. रंग तोच, पाणी तेच, बीटही एकच. फरक एवढाच की एका चकतीतील पटले शाबूत आहेत आणि दुसरीतील उष्णतेने मोडली आहेत. चाळण गरम केल्याने मोडत नाही, हे मुलांना न सांगताही उमगते. उपसणीचा खर्च या प्रयोगात दिसत नाही, हे शिक्षकांनी प्रामाणिकपणे सांगावे.

त्याच तासाला दुसरे काम करून घेण्यास काही प्रत्यवाय नाही. उकळून गार केलेले एक लिटर पाणी घ्यावे. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे, आणि वर्गातील प्रत्येकाने ते चाखून पाहावे. चव अश्रूंहून अधिक खारट लागता कामा नये. औषधाच्या दुकानात अथवा आरोग्यकेंद्रात सूत्राप्रमाणे बनविलेली पुडी मिळत असेल तर तीच घ्यावी, हेही तेव्हाच सांगावे, आणि लहान मुलाला सोबत चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देतात याचीही नोंद वहीत करवून घ्यावी. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा पाजावे. डोळे खोल गेले, मूल मलूल पडले किंवा पिईनासे झाले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.